बहीण थिएटरात असताना

लाते पलीकडच्या घरात गेली त्याला पाऊण तास झाला आणि अजून आतून हसण्याचा आवाज नाही. हे काही बरं लक्षण नाही. माझी थोरली बहीण एलेनोआ हिच्याकडे कोणीही गेलं की पाच मिनिटांत हशा सुरू होतो, कारण ब्याऐंशी वर्षांची झाली तरी ही बाई टिंगल केल्याशिवाय एकालाही सोडत नाही. मग आज पाऊण तास ती गंभीरपणे सांगते आहे तरी काय?

लाते म्हणजे माझी नात. ऑकलंडला वाढली, तिथेच कॉलेजात शिकते. टोंगाच्या राजधानीतल्या, आमच्या नुकुआलोफातल्या, जुन्या थिएटरांच्या आठवणी गोळा करायचं काम तिने अंगावर घेतलंय. समोर मोबाईल ठेवते आणि म्हणते, बोला. मी तीन दिवस बोललो. मोआना टॉकीजच्या जागी आता डबाबंद मटणाचं दुकान आहे, बंदरावरचं थिएटर दंगलीत जळालं, शाळेमागच्या थिएटराचे पत्रे वादळाने उचलून कोणाच्या तरी कोनफळांच्या मळ्यात नेऊन टाकले, हे सगळं तिला सांगितलं. पुढे चटया, मग बाकं, सगळ्यात मागे मोठ्या लोकांच्या खुर्च्या. चटईवरच्या बायका रडायला लागल्या की बाकांवरचे पुरुष खोकायला लागायचे, हेही सांगितलं.

आणि मी कोण होतो, तेही सांगितलं. ते कमी सांगितलं असं कोणी म्हणणार नाही. तेव्हा पडद्यावरची माणसं इंग्रजी बोलायची आणि समोरच्या सातशे माणसांना टोंगनशिवाय काही कळायचं नाही. मधे मी. मोआनात पडद्याशेजारी फळ्यांचा एक ओटा होता, त्यावर उभं राहून अख्खा सिनेमा मी आमच्या भाषेत सांगायचो. नायक मी, नायिका मी, वेळ पडली तर घोडाही मी. दारावरच्या फळ्यावर सिनेमाच्या नावाखाली लिहिलेलं असायचं: सांगणारा, आइसाके. पुढेपुढे तर माझं नाव वर आणि सिनेमाचं खाली लिहायला लागले.

आज सकाळी लाते म्हणाली, आता आत्याआजीचंही घेते, बायकांच्या आठवणी फार कमी मिळाल्यात. मी चटकन म्हटलं, आज नको, तिचं डोकं दुखतंय. लाते म्हणाली, "आजोबा, ती आत्ता चटई विणता विणता गात होती." आणि मोबाईल उचलून गेली. खोटं बोलायची ही सवय मला अजून सोडत नाही. त्या सवयीनेच सगळा घोळ केलाय.

मला मागोमाग जाता येत नाही. आमच्याकडे बहिणीच्या खोलीत भाऊ जात नाही, मग तो ऐंशीचा का होईना. मी इथे नीरफणसाखाली खुर्ची टाकून बसलोय, तिची खिडकी वीस पावलांवर आहे. एलेनोआने ती शनिवारची दुपार सांगितली तर आज ती लातेच्या मोबाईलमध्ये जाईल, उद्या ऑकलंडला, आणि परवा आमच्या घराण्यातल्या प्रत्येकाला कळेल की एलेनोआचं लग्न कोणी मोडलं. गेली छप्पन्न वर्षं सगळे समजतात, तिच्याच दोषाने मोडलं.

मी चोवीस वर्षांचा होतो. एलेनोआ सव्वीस. पाद्रीसाहेबांचा मुलगा सेमिसी शाळेत मास्तर होता, त्याच्याशी तिचं जमत आलं होतं. आमच्या घरून डुकरं आणि कोनफळं गेली होती, त्यांच्याकडून चटया आणि सालीचं कापड आलं होतं. मुलगा गरीब स्वभावाचा. खरा निर्णय होता त्याच्या आईच्या, म्हणजे पाद्रीबाईंच्या, हातात, आणि पाद्रीबाई अजून बघत होत्या. मुलगी बसते कशी, चालते कशी, मोठ्यांपुढून जाताना वाकते किती.

त्या आठवड्यात समुद्र खवळला होता, त्यामुळे सिनेमाचे डबे आणणारं जहाज उशिरा लागलं. एरवी शुक्रवारी दुपारी रिकाम्या थिएटरात मी आणि कितिओने नावाचा मशीनवाला सिनेमा एकदा पाहून घ्यायचो. काय सांगायचं, काय गाळायचं, ते तेव्हाच ठरायचं. डब्यांसोबत गोष्टीचा छापील कागदही यायचा. या वेळी डबे आले शनिवारी अकराला, खेळ दोनचा, आणि कागद आला भलत्याच सिनेमाचा. डब्यावरच्या चित्रात एक नर्स होती आणि मागे चर्च. मालक गोरा होता, त्याला धंदा कळायचा, आम्ही नाही. त्याने फळ्यावर लिहून टाकलं, मिशन हॉस्पिटलाची पवित्र कथा.

पवित्र कथा म्हटल्यावर पाद्रीबाई येणारच.

पावणेदोनला मशीनवाला धावत आला. म्हणाला, "आइसाके, मागे खुर्च्यांवर पाद्रीबाई बसल्यात. शेजारी तुझी ताई आहे."

लातेला हे समजावून सांगावं लागलं असतं, कारण ती तिकडे वाढली. इथे कोणाला सांगावं लागत नाही. भाऊ-बहीण एकत्र सिनेमाला बसत नाहीत. पडद्यावर काही नको ते आलं आणि दोघांनी एका वेळी पाहिलं, तर दोघांनी तोंड कुठे लपवायचं? मी मोआनात सांगायला लागल्यापासून एलेनोआने मोआनाच्या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. आणि मी तर नुसता बघणार नव्हतो. पडद्यावरचा पुरुष पडद्यावरच्या बाईला जे म्हणेल, ते मला माझ्या तोंडाने, बहिणीच्या कानांवर जाईल असं, म्हणावं लागणार होतं. पाद्रीबाईंनी चल म्हटल्यावर ती बिचारी नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं असतं तर सासू म्हणाली असती, आतापासूनच मान ताठ.

मी मालकाकडे गेलो. म्हटलं, आज दुसरा माणूस उभा करा, माझी बहीण आली आहे. तो म्हणाला, अरे वा, तिला फुकट बसव. मी दुसऱ्या थिएटरचा सांगणारा शोधायला पोरगं पिटाळलं, तर तो मळ्यावर गेलेला. कोणाला तरी पाठवून एलेनोआला बाहेर बोलवावं, तर त्याचा अर्थ असा झाला असता की सिनेमा घाणेरडा आहे आणि पाद्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला तसला सिनेमा दाखवायला आणलंय. सातशे माणसं पाय आपटायला लागली होती. मी ओट्यावर चढलो.

सुरुवात बरी झाली. हॉस्पिटल, आजारी मुलं, प्रार्थना. मी भराभर सांगत होतो आणि पडद्याकडे चोरासारखा बघत होतो. दहाव्या मिनिटाला एक जखमी शिपाई आला. नर्सने त्याच्याकडे पाहिलं, त्याने नर्सकडे पाहिलं, आणि मला कळून चुकलं की ही गोष्ट कुठे चालली आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात ती अक्कल आली. अक्कल कसली, अवदसा. मी सातशे माणसांना सांगितलं, बायांनो, बाप्यांनो, नीट बघा, हा तिचा हरवलेला भाऊ आहे.

मग चटईवरच्या बायकांनी हुंदके द्यायला सुरुवात केली. मी आणखी पुढे गेलो. लहानपणी पुरात दोघं वेगळी झाली म्हणालो. आईने दोघांना एकाच चटईत गुंडाळलं होतं म्हणालो. पडद्यावर ती त्याच्या हाताला पट्टी बांधत काहीतरी लाडीक बोलत होती, मी सांगितलं, ती म्हणते आहे, तू माझ्यापासून जरा लांब बस, आता आपण मोठे झालो. लोकांनी माना डोलावल्या. आता यात बहिणीने ऐकू नये असं काहीच नव्हतं. मला वाटलं, आइसाके, तुझ्यासारखा तूच.

दुसरं रीळ असंच गेलं. तिसऱ्या रिळात ती दोघं बागेत आली. संध्याकाळ झाली होती, आणि व्हायोलिनं वाजायला लागली.

मी चार वर्षं सिनेमे सांगत होतो. व्हायोलिनं वाजायला लागल्यावर काय येतं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. नुसता प्रियकर आणि प्रेयसी असती तर लोक ओरडले असते, हसले असते, एलेनोआने मान खाली घातली असती, एक वेळ निभावलं असतं. पण मी त्यांना भाऊ-बहीण करून ठेवलं होतं. सातशे टोंगन माणसांपुढे, माझ्या सख्ख्या बहिणीपुढे, तिच्या होणाऱ्या सासूपुढे, आता भाऊ बहिणीचं चुंबन घेणार होता.

अशा वेळेसाठी आमची एक खूण ठरलेली होती. मी ओट्यावरून बॅटरी दोनदा चमकवायची, की मशीनवाल्याने भिंगापुढे हात धरायचा. मी चमकवली. हात आला नाही. पुन्हा चमकवली, चारदा, सहादा. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, मला वाटलं तुझा हात चुकून लागतोय. भाऊ-बहिणीत काय झाकायचं? गाढवाचे डोळे रडून रडून सुजले होते.

पडद्यावरच्या त्या दोघांनी एकमेकांचे हात धरले. माझा आवाज बंद झाला. चार वर्षांत पहिल्यांदा मोआना टॉकीजमध्ये नुसतं इंग्रजी ऐकू आलं.

आणि पडदा काळा झाला. पूर्ण नाही. मधोमध एका बाईची सावली होती, डोकं आणि खांदे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एलेनोआ उभी राहिली होती.

मागच्या खुर्च्या मशीनच्या अगदी पुढे होत्या आणि एलेनोआ उंच. मशीनचा उजेड तिच्या अंगाआड अडला. तिच्यामागे एक सरदार बसले होते. सरदार बसलेले असताना आमच्याकडे कोणी ताठ उभं राहत नाही, वाकून, जवळजवळ गुडघ्यांवर जातात. एलेनोआ ताठ उभी होती. लोक ओरडले, बस खाली. पाद्रीबाईंनी तिच्या कमरेला रिवाजाप्रमाणे गुंडाळलेली चटई धरून ओढली. ती हलली नाही. व्हायोलिनं थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग खाली बसली. पडद्यावर पुन्हा हॉस्पिटल आलं होतं. मला कंठ फुटला. भाऊ आणि बहीण एकाच गावात दोन घरं बांधून सुखाने राहिली, असा शेवट मी केला. लोक डोळे पुसत घरी गेले. माझं खोटं कोणालाही कळलं नाही.

एलेनोआचं उभं राहणं मात्र सगळ्यांनी पाहिलं.

रविवार चर्चमध्ये गेला. पाद्रीबाईंनी आमच्या बाकाकडे पाहिलंही नाही. घरी आई रडली, वडील म्हणाले, पोरीच्या अंगात काय शिरलं होतं? एलेनोआ काहीच बोलली नाही. तिने कारण सांगितलं असतं तर त्यात ते चुंबन आलं असतं, आणि ते माझ्यापुढे, वडिलांपुढे, तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मला ते समजत होतं. सोमवारी सकाळी मी ठरवलं, पाद्रीबाईंना जाऊन खरं सांगायचं. ताईने माझी लाज राखली, सरदारांचा मान मोडावा म्हणून ती उभी राहिली नाही, इतकंच तर बोलायचं होतं.

मी गेलो. उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसलो. पाद्रीबाई केवड्याच्या पाती सोलत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुझी बहीण का उभी राहिली?"

एवढंच विचारलं. त्या रागावल्याही नव्हत्या. माझ्या अजून लक्षात आहे, त्या विचारत होत्या, म्हणजे त्यांना कारण हवं होतं, म्हणजे त्यांना लग्न मोडायचं नव्हतं. आणि मी तोंड उघडलं तेव्हा मला दिसला मोआनाच्या दारावरचा फळा. आइसाके लोकांना खोटं सांगतो, हे पाद्रीसाहेब रविवारी चर्चमध्ये बोलले असते. मग माझा शब्द कोण ऐकणार होतं? कोणता मालक मला ओट्यावर चढू देणार होता?

मी म्हणालो, तिला चक्कर येते.

पाद्रीबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "कधीपासून?"

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण कोणी पुढे काय म्हणून विचारलं की माझं तोंड आपोआप चालतं. मी म्हणालो, लहानपणापासून. उभी राहते आणि कोणाचं ऐकू येत नाही तिला. पौर्णिमेच्या आसपास जास्त. पाद्रीबाई मान हलवत गेल्या आणि मी सांगत गेलो. उठून निघालो तेव्हा मला वाटत होतं की मी बहिणीची बाजू छान मांडली. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

बुधवारी आमची डुकरांची आणि कोनफळांची भेट परत आली, आणि त्यांच्या चटया मागून नेल्या. ताठ मानेची सून पाद्रीबाईंनी एक वेळ सरळ केली असती, भूत लागलेली त्यांना नको होती. भूत हा शब्द मी वापरला नव्हता, गावाने वापरला. नंतर हाआपाई बेटावरून एक स्थळ आलं, ते बंदरावर चौकशी करून तिथूनच परत गेलं. त्यानंतर कोणी आलं नाही.

एलेनोआने मला कधी काही विचारलं नाही. माझी मुलं तिच्या मांडीवर वाढली. माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्यात उंच आसन तिचं होतं, ती तिथे चटयांच्या ढिगावर बसली आणि मी खाली जमिनीवर बसलो, आत्याचा मान म्हणून. लोक म्हणाले, आइसाके बहिणीला किती मानतो. सिनेमा सांगायचं काम मी पुढे अकरा वर्षं केलं. ती चक्कर मी सांगितली, हे तिला माहीत आहे की नाही, एवढी एकच गोष्ट मला छप्पन्न वर्षं पोखरते आहे.

लाते बाहेर आली. हातात केवड्याच्या पातींचा एक वाकडातिकडा तुकडा होता. मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो. विचारलं, काय म्हणाली?

"काहीच नाही," लाते म्हणाली. "आत्याआजी म्हणते, मी जन्मात कधी थिएटरात पाऊल टाकलं नाही. मग मी म्हटलं, निदान विणायला तरी शिकव."

सुटलो. पहिल्यांदा तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, तिने काय केलं. एक शब्द बोलली असती तर तिच्या नावावरचा डाग गेला असता. नातीने मोबाईल पुढे धरला होता, विचारणारं कोणीतरी छप्पन्न वर्षांनी आलं होतं, आणि ती पुन्हा एकदा माझ्या आणि उजेडाच्या मधे उभी राहिली.

मी लातेला म्हटलं, मोबाईल सुरू कर. ती म्हणाली, आजोबा, तुमचं झालंय की. मी म्हटलं, सुरू कर.

मी खुर्ची खिडकीच्या दिशेने फिरवली. काय बोलायचं आणि काय गाळायचं, हे या खेपेला मी आधीच ठरवलं होतं. बागेतलं काही त्यात नव्हतं, बहिणीने ऐकू नये असं काहीच नव्हतं. मोआनात बोलायचो त्या आवाजात मी सुरुवात केली.

"माझी बहीण एलेनोआ त्या शनिवारी मोआनात आली होती. ती उभी राहिली ती माझ्यामुळे, माझ्या चुकीवर पांघरूण घालायला. तिला चक्कर येत नव्हती. तिला कसलाच आजार नव्हता. चक्कर येते असं पाद्रीबाईंना सांगितलं ते मी, माझं काम जाऊ नये म्हणून. तिचं लग्न मी मोडलं."

पलीकडे पाती सोलायचा आवाज थांबला. मला वाटलं, खिडकी आता बंद होणार. ती बंद झाली नाही. आतून एलेनोआने हाक मारली. मला नाही, लातेला.

"लाते, तुझ्या आजोबांना म्हणावं, हे मला कशाला सांगतोस? मला त्याच बुधवारी कळलं होतं. पाद्रीबाईंना सांगायचं होतंस. त्या गेल्या त्याला सदतीस वर्षं झाली."

पाती सोलायचा आवाज पुन्हा सुरू झाला. लाते मोबाईल हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, हे ठेवू की पुसू?

मी म्हटलं, ठेव.